सोनूबाईंचं ‘होय’

अनुपमा मेस्त्रीचा वैताग सकाळी खोलीचं कुलूप उघडतानाच सुरू व्हायचा. घाटकोपरच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात ‘मानसशास्त्र विभाग’ अशी पाटी होती खरी, पण पाटीमागे होती बँडेजच्या खोक्यांची अडगळ. खोक्यांमधून वाट काढत गेलं की एक टेबल, दोन खुर्च्या आणि खडखडणारा पंखा. भिंतीपलीकडे हाडांची ओपीडी. इकडे अनुपमाने एखाद्या माणसाला हलक्या आवाजात विचारावं, “जगण्यात अर्थ नाही असं वाटतं का हो?” आणि तिकडे प्लास्टर काढून घेणाऱ्या कुणीतरी नेमकं त्याच वेळी भोकाड पसरावं.

बिल्डिंग विभागाला तिने तीनदा अर्ज केले होते. आता अर्ज करणंही सोडलं होतं.

अनुपमा मुलुंडच्या चाळीत वाढलेली. वडील काशीराम मूळचे मालवणाकडचे, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. सगळ्या नात्यागोत्यात एम. ए. झालेली ही पहिलीच, आणि तेही सायकॉलॉजीत. चाळीतल्या बायकांनी विचारलं, “म्हणजे तू वेड्यांची डॉक्टर काय गो?” ती म्हणाली, डॉक्टर नाही. “मग नर्स?” नर्सही नाही. “मग त्यांनी तुला ठेवलीय कशाला?” या प्रश्नाचं नीट उत्तर तिला नोकरीच्या पाचव्या वर्षीही, म्हणजे पंच्याऐंशी सालातही, देता येत नव्हतं.

कारण तिचं काम म्हणजे प्रश्नावली. व्यक्तिमत्त्वाची. अमेरिकेत कुणीतरी बनवलेली, कित्येकशे वाक्यांची. प्रत्येक वाक्याला ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढंच म्हणायचं. मग पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या उत्तरपत्रिकेवर ठेवायच्या, भोकांतून दिसणाऱ्या खुणा मोजायच्या आणि त्यांचा आलेख काढायचा. उदासीची एक पट्टी, भ्रमाची एक, संशयाची एक. माणूस खोटं बोलतोय का, किंवा उगाच वाढवून सांगतोय का, हे पकडायच्या पट्ट्याही वेगळ्या. आलेखात जिथे शिखर येईल तिथे आजार. कागदावर सगळं कसं चोख वाटायचं.

गोची होती ती मराठीची. कुण्या विद्वानाने ती प्रश्नावली मराठीत आणली होती, पण अशा मराठीत की वाचताना अनुपमाचीच जीभ अडखळायची. ‘माझ्या विचारांवर बाह्य शक्तींचे नियंत्रण नसते असे मला क्वचितच वाटते.’ याला ‘होय’ म्हणायचं की ‘नाही’? ती स्वतः दोनदा वाचून ठरवायची. आणि समोर बसलेला असायचा भटवाडीतला हमाल नाहीतर पार्कसाइटची धुणंभांडीवाली. ती माणसं तिच्या तोंडाकडे बघायची. तिच्या चेहऱ्यावर ‘होय’ दिसलं की होय, ‘नाही’ दिसलं की नाही.

सोनूबाई गावडे आल्या त्या अशाच एका सोमवारी. जवळच दिलेली मुलगी सुगंधा दंडाला धरून घेऊन आली होती. असल्फ्याला राहायच्या. एकेकाळी खानावळ चालवायच्या. कोकणातून आलेले सडे लोक त्यांच्याकडे जेवायचे, दुपारी एक पंगत, रात्री एक. दोन वर्षांपूर्वी नवरा लवू काविळीने गेला. त्यानंतर सोनूबाईंनी काही महिने खानावळ रेटली आणि एके सकाळी स्टोव्ह पेटवलाच नाही. माणसं आली, रिकामी परत गेली. तेव्हापासून त्या दाराला पाठ करून बसायच्या. बोलणं कमी झालं, झोप गेली, अंग वाळत चाललं.

“आधी काय आई माझी,” सुगंधा म्हणाली, “एक माणूस उपाशी गेला तर तिला घास जायचा नाही. आता मी चार वेळा ताट पुढे करते, ती बघतसुद्धा नाही. डॉक्टरांनी सांगितलं पेपर लिहायला लागेल. तिला लिहिता येत नाही ना, ताई. मी लिहू का तिच्या वतीने?”

“नाही. मी वाचेन, त्या सांगतील. तुम्ही बाहेर बसा.”

नियमाप्रमाणे अनुपमाने छापील मराठीच वाचली. सोनूबाई प्रत्येक वाक्याला “होय” म्हणत गेल्या. मला परक्या लोकांच्या मेजवान्यांत मिसळायला आवडते. होय. माझ्या आत्म्याने कधीकधी शरीर सोडले आहे. होय. मला कधीही राग येत नाही. होय. मला वारंवार राग येतो. होय.

अनुपमाने पेन खाली ठेवलं. “काकी, समजतंय ना?”

“तू वाच गो बाय,” सोनूबाई दमून म्हणाल्या. “तुझा वाचून होऊंदे.”

आलेख निघाला तो कागदाच्या वरच्या कडेपर्यंत. सगळ्याच पट्ट्यांची शिखरं. पेपर बाद.

डॉक्टर युस्टेस परेरा हे विभागाचे मुख्य. अंधेरीच्या मरोळ गावठाणातले, घरी मराठीच बोलणारे, दिसायला कडक पण माणूस सरळ. ओपीडीत दुपारपर्यंत रांग हटायची नाही, त्यामुळे कुणाशीही दोन वाक्यांपलीकडे बोलायची त्यांना फुरसत नसे. त्यांनी आलेखावर नजर टाकली. “हे काय आहे? पुन्हा घे.”

“पुन्हा घेतलं तरी हेच येईल, सर. त्यांना ती भाषाच कळत नाही.”

“मग कळेल अशी घे. मला निदान पाहिजे, भाषेचं भांडण नको.”

हे वाक्य अनुपमाने परवानगी म्हणून घेतलं. पुढच्या आठवड्यात सोनूबाईंना समोर बसवून तिने पुस्तक मिटलं आणि एकेक वाक्य घरच्या मालवणीत विचारायला सुरुवात केली. “काकी, भूक लागता काय?” “रडूक येता काय, कायएक कारण नसताना?” “कोणाक दिसना नाय ता तुमका दिसता काय?”

सोनूबाईंची मान पहिल्यांदा वर झाली. “तू आमच्यातली काय गो? खयची?”

“मालवणजवळच्या कट्ट्याची. काशीराम मेस्त्रींची मी मुलगी.”

मग त्या बोलू लागल्या. एका बैठकीत संपलं नाही, तीन लागल्या. काही प्रश्नांना ‘नाय’ आलं, काहींना ‘होय’, आणि पहिल्यांदाच ती उत्तरं एका माणसाची वाटली. ‘मेलेल्या माणसांचा आवाज ऐकू येतो’ या अर्थाचं वाक्य आलं तेव्हा अनुपमाने विचारलं, “काका गेल्यावर कधी हाक मारतत काय तुमका?”

“होय. मारता.”

अनुपमा किंचित हसली आणि तिने खूण केली. यात काय नवल? आजोबा गेल्यावर तिची स्वतःची आजी वर्षभर त्यांच्या हाकेला “इलंय” म्हणून उठायची. गावाकडे मेलेल्या माणसाचं पान वाढून ठेवतात, राखणदार देवाला गाऱ्हाणं घालतात, घरातल्या गेलेल्या वडीलधाऱ्यांशी बोलतात. याला जर भ्रम म्हणायचं तर अख्खा मालवण तालुका वॉर्डात भरती करावा लागेल.

या वेळी आलेखात दोनच शिखरं आली. एक उदासीचं, एक भ्रमाचं. दोन्ही जवळपास सारख्या उंचीची.

अनुपमाने अहवालात लिहिलं, तीव्र उदासी. दुसरं शिखर रुग्णाच्या चालीरीतींमुळे आलेलं दिसतं, ते धरू नये.

परेरांनी तिला बोलावून घेतलं. “हे तू कसं घेतलंस?”

“मालवणीत.”

“म्हणजे शब्द तू बदललेस.”

“कळावेत म्हणून.”

“मग हा आलेख कशाचा? ते मोजमाप छापील वाक्यांवर बसवलेलं आहे. तू वाक्यं बदललीस की शिखर किती उंच, हे कुणाच्या तुलनेत बघायचं?”

“आणि छापील वाक्यं तरी कुणावर बसवली, सर? अमेरिकेतल्या शेतकऱ्यांवर! सोनूबाईंशी त्यांचा काय संबंध?”

“ते मलाही कळतं.” परेरांनी चष्मा काढला. “पण ह्या बाई आवाज ऐकतात असं म्हणतात, आणि तू लिहितेस, धरू नका.”

“आमच्याकडे सगळेच ऐकतात. तुम्ही मदर मेरीशी बोलता ना?”

ती बोलून गेली आणि तिलाच धसका बसला. पण परेरा रागावले नाहीत. ते एवढंच म्हणाले, “बोलतो. रोज बोलतो. ती मला काय सांगते ते मला ठाऊक आहे. सोनूबाईंना त्यांचा नवरा काय सांगतो, ते तू विचारलंस?”

“हाक मारतो म्हणाल्या.”

“हाक मारून?”

अनुपमा चिडली. तिला वाटलं, सर नुसते शब्दांत पकडतायत. प्रश्नावलीत ‘हाक मारून पुढे काय’ असा प्रश्न कुठे होता? एरवी छापील वाक्याबाहेर एक शब्द काढला तर हेच ओरडायचे. ती तावातावाने अर्धा तास भांडली. भ्रमाच्या गोळ्या दिल्या तर बाई लाकडासारखी होईल, तोंडातून लाळ गळेल, आधीच अंगात काही उरलेलं नाही. बाहेर रांग वाढत होती. एका शिपायाने दोनदा दार उघडून बघितलं. शेवटी परेरांनी चिठ्ठी ओढली. “ठीक आहे. उदासीच्याच गोळ्या देतो. महिन्याने बघू. पण लक्ष ठेव.”

त्या संध्याकाळी अनुपमाला जिंकल्यासारखं वाटलं. पाच वर्षांत पहिल्यांदा तिचं म्हणणं कुणी मानलं होतं.

लक्ष ठेवायचं म्हणजे कसं, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. सुगंधा एका कारखान्यात पॅकिंगला होती, रजा मिळाली की यायची, नाही तर नुसत्या गोळ्या न्यायला शेजारीण यायची. “कशा आहेत?” “तशाच.” अनुपमाने शेजारणीला सांगितलं, गोळ्यांना तीन आठवडे लागतात, धीर धरा. स्वतःलाही तेच सांगितलं.

चौथ्या आठवड्यात सुगंधाने आईला रिक्षातून आणलं. उचलूनच आणलं म्हणायचं. सोनूबाईंचे गाल आत गेले होते, ओठांना सालं सुटली होती. पाणीसुद्धा तोंडात घेतलं की थुंकत होत्या. लगेच सलाईन लावलं.

“मी ताट ठेवून कामाला जायची,” सुगंधा रडत सांगत होती. “संध्याकाळी ताट रिकामं असायचं. मला वाटलं जेवते. ती सगळं खिडकीतून टाकत होती, ताई. शेजारच्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. तुम्हीच निरोप दिलात, तीन आठवडे धीर धरा.”

दुपारी अनुपमा वॉर्डात जाऊन पलंगाशी बसली. वाटीत पेज होती. तिने चमचा ओठांशी नेला. सोनूबाईंनी तोंड फिरवलं.

“काकी, एक घोट. माझ्यासाठी.”

“तो खाऊक देना नाय.”

“कोण?”

“सुगंधाचो बापूस. मी घास हातात घेतलंय काय तो म्हणता, थू! माका उपाशी ठेवन तू गिळतंस? आधी माका वाढ.” त्यांचा आवाज इतका साधा होता, जणू शेजाऱ्याची तक्रार सांगत होत्या. “मी पान वाढतंय. तो खायना नाय. तो जेवल्याबिगर मी कशी जेवू?”

अनुपमाने चमचा वाटीत ठेवला. “ह्या तुमी माका आधी कित्याक नाय सांगितलास?”

सोनूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. “तू खय इचारलंस? तू इचारलंस, हाक मारता काय. मी म्हटलंय होय. तू हसलंस नि लिवलंस.”

अनुपमा वॉर्डातून बाहेर आली आणि जिन्याच्या कोपऱ्यात उभी राहिली. तिला राग आला होता, पण कुणावर ते ठरवता येईना. त्या अमेरिकनांवर, ज्यांनी ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्यात माणसाला बसवलं? ‘बाह्य शक्ती’वाल्या विद्वानावर? की स्वतःवर? दोन शिखरं डोळ्यांसमोर होती आणि तिने त्यातलं एक स्वतःच्या हाताने पुसलं होतं. परकं पुस्तक सोनूबाईंना ओळखत नव्हतं म्हणून ती भांडली, आणि स्वतः मात्र त्यांना इतकं आपलं समजली की पुढचा प्रश्न विचारायची गरजच वाटली नाही.

परेरांना सांगायला गेली तेव्हा तिला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्यांनी केसपेपर पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाले, “दोन्ही आहे. उदासी इतकी खोल गेली की तीच बोलायला लागली. मीही चुकलोच असतो. मी फक्त दुसरं शिखर धरलं असतं आणि उदासी तशीच ठेवली असती.”

“पण तुम्ही विचारायला सांगितलं होतंत.”

“सांगितलं. स्वतः कुठे विचारलं? तुझी खोली इथून वीस पावलांवर आहे.” त्यांनी फाईल बंद केली. “वाट लागली आपली दोघांची. चल, आता विजेच्या शॉकचं बोलूया. गोळ्यांची वाट बघायला त्यांच्यात ताकद नाही.”

शॉक हा शब्द ऐकून सुगंधा हादरली. अनुपमाने तिला कँटीनमध्ये बसवून सगळं सांगितलं, भूल देतात ते, काही दिवसांचं आठवेनासं होतं ते, आणि आपली चूक झाली तेही. सुगंधाने चहाचा कप बाजूला सारला.

“आता तरी खात्री आहे का तुम्हाला?”

“खात्री नाही,” अनुपमा म्हणाली. “पण सरांनी अशा बायका बऱ्या झालेल्या पाहिल्यात.”

सुगंधाने सही केली. अनुपमाकडे न बघता केली.

तिसऱ्या शॉकनंतर सोनूबाईंनी पाणी मागितलं. पाचव्यानंतर पेज प्यायल्या आणि मीठ कमी आहे म्हणून वॉर्डातल्या आयाला झापलं. दोन्ही तऱ्हेच्या गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात त्या उठून बसल्या, हिंडू लागल्या. घरी जाताना वजन वाढलं होतं. परेरांच्या दृष्टीने ही केस उत्तम निघाली होती. त्यांनी वरच्यांना पाठवायच्या अहवालातही तिचा उल्लेख केला. त्यात ‘प्रश्नावलीची मोलाची मदत झाली’ असं एक वाक्य होतं. अनुपमाने ते वाक्य टाईप झालेलं पाहिलं आणि ती थेट त्यांच्या खोलीत गेली.

“सर, हे काढा. मदत झाली नाही. आपण ती वाचू शकलो नाही.”

“शिखरं तर बरोबर आली होती.”

“मी शब्द बदलून आणलेली शिखरं! ती धरायची नाहीत असं तुम्हीच म्हणालात. आता बाई बऱ्या झाल्या तर ती बरोबर?”

परेरा हसले, पण वाक्य काढलं नाही. ट्रस्टी लोकांना असं वाक्य दिसलं तरच पुढच्या वर्षी विभाग राहील, असं ते म्हणाले. त्यातही काही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच अनुपमाला जास्त संताप आला.

तिने मग ट्रस्टींकडे नवा अर्ज केला. कोकणी, कोळी, घाटी, सगळ्यांच्या बोलीत ही वाक्यं नव्याने बसवावीत, शंभर-दोनशे धडधाकट माणसांवर तपासावीत, म्हणजे सोनूबाईंच्या शेजारणी याच प्रश्नांना काय म्हणतात ते कळेल. उत्तर आलं, की सूचना स्तुत्य आहे, तथापि हे काम विद्यापीठाचं आहे. विद्यापीठात गेली तर तिथले प्राध्यापक म्हणाले, हॉस्पिटलने पत्र द्यावं. हॉस्पिटलने पत्र दिलं नाही. दोन वर्षं ती घाटकोपर आणि विद्यापीठाच्या मधे हेलपाटे घालत राहिली.

एक गोष्ट मात्र तिने कुणालाही न विचारता सुरू केली. छापील वाक्य वाचायचं, खूण करायची, आणि सगळा पेपर संपला की प्रत्येक अवघड ‘होय’पाशी परत जायचं. कोण बोलतं? काय सांगतं? नाही ऐकलं तर काय होतं? यात एका माणसामागे दोन दिवस जायचे. बाहेर पेशंट खोळंबायचे, परेरांच्या चिठ्ठ्या यायच्या, ‘अहवाल कुठे?’ ती उत्तर पाठवायची, ‘अजून विचारतेय.’ फाईलमध्ये मानसशास्त्रज्ञाच्या मतासाठी एकच ओळ होती. ती समासात लिहायची, पाठीमागे लिहायची, जादा कागद टाचायची. रेकॉर्डवाला ते जादा कागद काढून टाकायचा, कारण फाईल कपाटात बसत नसे. त्यावरून त्या दोघांची दर महिन्याला जुंपायची.

सोनूबाई तपासणीला यायच्या. असल्फ्यालाच पण आता मुलीजावयाकडे राहत होत्या. खानावळ पुन्हा उघडली नाही. कुणासाठी उघडायची, असं म्हणायच्या. घरातल्या पाच माणसांचा स्वयंपाक करत होत्या आणि स्वतःही जेवत होत्या.

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर एकदा त्या एकट्याच आल्या. परेरांनी गोळ्या कमी केल्या होत्या. तिथून त्या खोक्यांमधून वाट काढत अनुपमाच्या टेबलाशी आल्या आणि खुर्चीत बसल्या.

“काकी, बऱ्या दिसताय.”

“होय. बरी आसंय.”

अनुपमाने आता सवयीप्रमाणे पुढचं विचारलं. “काका काय म्हणतत? हाक मारतत काय?”

“नाय.” सोनूबाईंनी पदराने कपाळ पुसलं. “तो गेलो. इस्पितळातच गेलो. मेलो तेवा मी सोबत होतंय, ह्या खेपेक माका म्हायतच नाय कधी गेलो तो.” त्या थोडं थांबल्या. “कधी कधी मुद्दाम पान वाढून ठेवतंय. कायएक आवाज नाय. तुमी बरा केलास, तेची तक्रार नाय. पण एवढा झोडून घालवूक होया होता? नुसतो गप बसवलो असतो तरी चालला असता.”

असं काही औषध नाही, काकी, अनुपमा म्हणाली. आवाज बंद करता येतो, त्याचा स्वभाव बदलता येत नाही.

“मग शोधा,” सोनूबाई उठत म्हणाल्या. “एवढे शिकलात ते कित्याक?”

त्या गेल्यावर अनुपमाने त्यांचा केसपेपर पुढे ओढला. त्या दिवशीच्या तारखेपुढे परेरांनी ‘पूर्ण बरी’ असं लिहून खाली सही केली होती. तिने पेन उघडलं. भिंतीपलीकडे प्लास्टर कापणं चालू होतं. तिने ‘पूर्ण’ या शब्दावर काट मारली, मग सरांच्या अक्षरावर आपण काट मारली म्हणून घाबरली, आणि तरीही ती तशीच ठेवून शेजारी बारीक अक्षरात सोनूबाईंचं म्हणणं लिहायला लागली.